फिल्ममधून काढलेला डोंगर

फिल्म कच्ची जुळली की ती आधी ज्यांच्यावर केली आहे त्यांना दाखवायची आणि मग बाकीच्यांना, ही माझी जुनी सवय. यात मोठेपणा काही नाही. चुका लवकर सापडतात, एवढंच. बुरूड बायकांवर एक छोटी फिल्म केली होती, तेव्हा मी सुपाची कड आधी बांधलेली आणि सूप नंतर विणलेलं दाखवलं होतं. बायका पोट धरून हसल्या, मी घरी येऊन क्रम बदलला, विषय संपला.

याच सवयीपायी एका फिल्ममधला अख्खा डोंगर गेला. तो कसा गेला आणि पुढे काय झालं, ते लिहून ठेवते.

मी साताऱ्यात राहते. पतसंस्था, दवाखाने, पाणी समित्या यांना लागतात तशा फिल्म करून देते आणि मधल्या फटीत माझ्या स्वतःच्या करते, ज्यांच्यावर सहसा कोणी करत नाही अशा माणसांवर. नात्यातले लोक विचारतात, "तुझी फिल्म थेटरात कधी लागणार?" मी सांगते, "लागणार नाही." त्यावर त्यांना काही बोलता येत नाही आणि माझा वेळ वाचतो. कॅमेरा धरायला रहिमतपूरचा एक माणूस आहे. मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. ज्या दिवशी लग्नाची तिथ नसेल त्या दिवशी तो माझा. हात स्थिर, तक्रार कमी. फक्त कोणी जरा हसलं की तोंडावर झूम करायची खोड आहे.

एका हिवाळ्यात आम्ही दोघं पलूसकडून परत येत होतो. रस्त्यावर मेंढरं होती. त्यात नवल नाही. आटपाडीकडचं गवत सरलं की धनगरांचे कळप दर वर्षी नदीकाठाला उतरतात. तोडणी झालेल्या उसाच्या रानात चरतात, रात्री शेतात बसतात, शेताला खत मिळतं आणि मेंढरांना जागा. नवल वेगळं होतं. कळपाच्या पुढे काठी घेऊन एक बाई चालली होती, माझ्याच वयाची. कळपामागे एक घोडी, तिच्या पाठीवर पालाचं कापड, भांडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. घोडीच्या शेजारी एक म्हातारी. बाप्या माणूस कुठेच दिसेना.

मी खाली उतरले आणि विचारलं, "मालक मागून येतायत का?"

"मागं न्हाईत, वर हायत," असं म्हणून तिने काठी आभाळाकडे केली. मग कॅमेरामनकडे वळून म्हणाली, "आन् तू हॉर्न वाजवू नगंस. कोकरं बिचकत्यात."

फिल्म तिथेच सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

मी तिला आक्का म्हणू लागले, ती मला बाई म्हणू लागली आणि दुसऱ्या भेटीपासून 'तू'वर आली. म्हातारी तिची सासू. नवरा वारल्यावर त्यांच्याकडची रीत अशी की विधवेची मेंढरं दिराच्या कळपात मिसळायची. तिने त्याच्या वाड्याबरोबर हिंडायचं, भाकरी थापायच्या, कोकरं सांभाळायची. वाडा म्हणजे घर नव्हे, बरोबर हिंडणाऱ्या कुटुंबांचा जथा. त्या जथ्याचा कारभारी तिचा धाकटा दीर. कुठे जायचं, कुणाच्या शेतात बसायचं, शेतमालकाशी काय बोलायचं, सगळं तो ठरवणार. आक्काने मेंढरं मिसळायला नकार दिला. भावकी बसली. दीर वाईट माणूस नव्हता, त्याने ओरडाआरडा केला नाही. तो एवढंच म्हणाला, "वैनी, बगा हिंडून. ज्या साली मेंढरं उपाशी घिऊन माघारी याल, त्या साली माझ्या कळपात घालायची. कबूल?" तिने कबूल केलं.

आणि सासू सख्ख्या धाकट्या मुलाला सोडून सुनेबरोबर निघाली. मी तिला कारण विचारलं. मला वाटलं होतं, काहीतरी खोल निघेल.

"धाकटीचं कालवण अळणी आसतंय," म्हातारी म्हणाली.

त्या दोघींपुढे एकच प्रश्न होता. दर हिवाळ्यात मेंढरांना पोटभर चारा मिळेल अशी जागा बाकीच्यांच्या आधी गाठायची. गाठली तर कळप तिचा. नाही गाठली तर दिराचा.

तिने एक जागा हेरली होती. पलूसच्या पट्ट्यात, नदीच्या बाजूला, एका निवृत्त एसटी ड्रायव्हरचं रान. त्यांना सगळे चाचा म्हणत. वर्षानुवर्षं उसाला पाटाचं पाणी पाजून जमीन पांढरी झाली होती, वर मीठ फुटलं होतं. तिथे ऊस काय, हरभराही येत नव्हता. पण एक जाड, खारट गवत यायचं आणि मेंढरं त्यावर तुटून पडायची. गवत संपलं की माती चाटत बसायची. धनगरांच्या वाटेपासून ते रान आत होतं, भोवती उसाच्या भिंती, त्यामुळे कोणाला दिसलं नव्हतं. आक्काचं एक कोकरू उसात शिरलं, त्याच्यामागे ती शिरली, आणि पलीकडून निघाली ती चाचांच्या रानात.

"ऊस गेला, मीठ आलं," चाचा मला म्हणाले. "आता मेंढरं आली. पुढं काय येतंय बघू." लेंड्या पडून पडून जमीन सुधारेल अशी त्यांना आशा होती. त्यांचा नियम साधा होता. हिवाळ्यात जो धनगर आधी दारात येईल, त्याला हो म्हणायचं. ओळखीचा आहे म्हणून कोणासाठी जागा धरून ठेवायची नाही आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही.

शूटिंग आम्ही तिथेच केलं. ऊस तोडून झाल्यावर त्या रानाच्या मागे एक डोंगर मोकळा दिसू लागला. त्याचा एक खांदा वर, एक खाली आणि मध्ये दातासारखी खाच. सकाळी त्या खाचेतून ऊन तिरकं यायचं आणि मिठाचा पापुद्रा चमकायचा. त्या उजेडात माना खाली घालून माती चाटणारी मेंढरं, मधोमध काठीवर हनुवटी टेकून उभी आक्का आणि मागे तो डोंगर. कॅमेरामनने तो शॉट घेतला आणि बराच वेळ कॅमेऱ्यावरून हात काढला नाही.

"मॅडम, लग्नातलं ड्रोन याच्यापुढं झक मारतंय," तो म्हणाला.

मुलाखतीच्या बाबतीत मात्र आक्का कामाची नव्हती. मी तिला विचारलं, "अंधार पडल्यावर माळावर तुम्ही दोघीच. मनात काय येतं?"

"थंडी वाजती."

"आणि?"

"आणि काय? लाकडं हायत का बगायचं."

हे मी फिल्ममध्ये तसंच ठेवलं.

पुढच्या श्रावणात फिल्मची कच्ची जुळणी झाली. पावसाळ्यात हे लोक आटपाडीकडे आपल्या वस्तीवर असतात, म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिकडे गेले. आक्काच्या घरात पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवला. समोर ती आणि सासू. घोडी दाखवली तेव्हा म्हातारी म्हणाली, "लय वाळल्याली दिसती." स्वतः पडद्यावर आली तेव्हा तिने पिशवीतून अडकित्ता काढला. मग तो सकाळचा शॉट आला. मी दोघींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. खरं सांगायचं तर कौतुकाची वाट पाहत होते.

"थांबीव," आक्का म्हणाली. मी थांबवलं. तिने पडद्याजवळ तोंड नेलं. "ह्यो डोंगर काढ."

"का?"

"दिसतोय."

"दिसावा म्हणूनच घेतलाय."

"तेच म्हणतीया मी. मला दिसतोय, म्हंजी सगळ्यास्नीच दिसंल."

मग तिने समजावून सांगितलं. वस्तीवरचा प्रत्येक कारभारी पाय फुटल्यापासून हे डोंगर बघत हिंडलेला आहे. ही खाच दिसली की कुठल्या गावाच्या कुठल्या अंगाला उभं राहिल्यावर ती अशी दिसते, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. दिराचा कळप मोठा, बरोबर तरणे गडी, त्यांची चाल भराभर. दिवाळी झाली की ते तिच्या आधी चाचांच्या दारात पोचतील आणि चाचा त्यांना हो म्हणतील. तेवढं झालं की तिचं संपलं.

मला हे पटायला वेळ लागला नाही. मला फक्त त्या शॉटचं वाईट वाटत होतं. पण एवढ्यावर भागलं नाही. म्हातारीला आता चांगलाच रस आला होता. तिने फिल्म पहिल्यापासून लावायला सांगितली आणि सुपारी कातरत ऐकू लागली.

"ह्यो भोंगा ऐकलास का गं?"

मागे कुठेतरी साखर कारखान्याचा भोंगा वाजला होता. मी तो मुद्दाम ठेवला होता, पहाट संपल्याचं कळावं म्हणून.

"ह्याचा आवाज मधी तुटतोय," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्या कारकान्याचा सरळ जातोय. काढ त्यो बी."

भोंगा गेला. मग कालव्याच्या कठड्यावरचा रंग गेला. मग एका बैलगाडीवाल्याची टोपी घालायची तऱ्हा गेली, कारण तशी तिरकी टोपी म्हणे एकाच गावात घालतात. शेवटी पडद्यावर चाचा आले.

"म्हातारा काढ," आक्का म्हणाली.

"आक्का, त्यांना मी काय सांगू? ते वाट बघतायत."

"त्येला मी सांगती. त्यो शाणा हाय."

चाचा गेले. फिल्ममधली एकुलती एक दाढी गेली आणि जमीन खारट का झाली हे सांगणारा एकुलता एक माणूसही गेला. मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, आता फिल्ममध्ये मेंढरं आणि थंडी एवढंच राहिलं. आक्काने चहा टाकला आणि चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आगं, मंग दुसऱ्या डोंगराम्होरं काढू की."

"म्हणजे?"

"एक दिस मेंढरं नेती मी दुसरीकडं. तितं हुबी ऱ्हाती काठी घिऊन. काढ तुला पायजे तेवढं. म्हंजी बघणारे तिकडंच पळत्याल."

"ते खोटं होईल."

ती वळली. तिला खरंच कळलं नव्हतं. "खोटं काय त्यात? मेंढरं माजी. मी मीच. डोंगर खरा. पावडर लावून हुबी ऱ्हाणार हाय का मी?"

"पण तुम्ही तिथे चारत नाही ना."

"त्या दिशी चारीन की."

साताऱ्याला परतल्यावर मी ते कॅमेरामनला सांगितलं. त्याला यात अडचणच दिसेना. लग्नात अक्षता टाकतानाचा शॉट हुकला तर नवरा-नवरीला पुन्हा उभं करतात, पाहुण्यांना पुन्हा टाकायला लावतात. लग्न काय खोटं होतं का? मी म्हटलं, लग्न खरं असतं, अक्षता खोट्या. तो म्हणाला, "मग इथं बाई खरी, डोंगर खोटा. हिशेब तोच."

मी बरेच दिवस यावर विचार करत होते. दोष द्यायला नव्हे, मला कुतूहल होतं. माझ्या कामात एक रेघ आहे, असं मी धरून चालले होते. घडलेलं दाखवायचं, घडवलेलं दाखवायचं नाही. पण मी आक्काला पाण्याची घागर दोनदा आणायला लावली होती, पहिल्यांदा उजेड बरा नव्हता म्हणून. मग ती रेघ नक्की कुठे आहे? घागरीच्या अलीकडे की डोंगराच्या पलीकडे? शेवटी मी असं ठरवलं की घागर दोनदा आणल्याने कोणी भलतीकडे चालत जाणार नाही. खोट्या डोंगरामागे माणसं कळप घेऊन निघाली असती. तिचा फायदा व्हावा हे मला मान्य होतं, पण माझ्या फिल्मने कोणाची मेंढरं उपाशी फिरवावीत हे नव्हतं. म्हणून दुसरा डोंगर नाही आणि पहिलाही नाही.

क्षितिज दिसेल असे सगळे शॉट मी काढले. राहिले ते जमिनीलगतचे. मेंढरांची तोंडं, जिभा, मिठाचा पापुद्रा, आक्काचे पाय, तिचे हात, चुलीतला जाळ. अशी पांढरी जमीन नदीकाठाला कितीतरी गावांत आहे, तिची भीती नव्हती. फिल्म विचित्र दिसू लागली. जणू काही ती मेंढराने काढली आहे. कॅमेरामन बघायला आला आणि म्हणाला, "आभाळ कुठाय?" मी म्हटलं, "नाही." तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

दसऱ्याच्या आधी दिराचा फोन आला. "मॅडम, आमच्या घरातल्या बाईवर फिल्म काढली म्हनं. आमास्नी न्हाई का दावायची?" मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "दाव. न्हाई दावली तर जास्त वास काडत्याल."

समाजमंदिराच्या खोलीत दुपारी, खिडक्यांना घोंगड्या लावून, अंधार केला. बाहेर भुरभुर होती, त्यामुळे गडीमाणसं मोकळी होती. पुढे पोरंसोरं, मध्ये बायका, मागे भिंतीला टेकून कारभारी लोक. दीर अगदी मधोमध. पांढरे कपडे, कानात बाळी, बोलायला मऊ.

माझ्या फिल्म मी कितीतरी ठिकाणी दाखवल्या आहेत. लोक सहसा आधी माणसाकडे बघतात. इथे आक्काकडे कोणी बघत नव्हतं. मागच्या रांगेला पहिल्या काही क्षणांतच कळलं की या फिल्ममधून काहीतरी काढून घेतलं आहे आणि त्यांनी ते शोधायला सुरुवात केली. मोठ्याने, अगदी खुशीत.

"डोंगूर कुटं हाय रं हितला?"

"खाल्ला मेंढरांनी."

"आरं, लोकर बग किती वाढलीया. पौशातलं हाय हे."

"गड्या, त्या लेंड्या बग! वल्लं खाल्लंय. ह्यो कोरडा मुलूख न्हवं. नदीकाठ हाय नदीकाठ."

डोंगर लपवला, भोंगा लपवला, चाचांना लपवलं आणि लेंड्या जवळून दाखवल्या. सोबत आलेल्या कॅमेरामनने माझ्याकडे पाहिलं. लेंड्यांवर झूम त्यानेच केलं होतं.

"मिरजंकडचं आसंल."

"न्हाई, न्हाई. पलूस. माती बग."

"पलूसात आशी जमीन कुटं हाय?"

"हाय न्हाई तर आली कुटनं?"

आक्का बायकांमध्ये पदर सावरून बसली होती आणि पोरांना गप्प बसायला सांगत होती. फिल्म संपली. कोणीतरी खिडकीवरची घोंगडी ओढली. उजेड आला तसा दीर उभा राहिला, हात जोडले आणि अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, लय ब्येस. वैनी तर काय आमास्नी सांगायच्या न्हाईत. पर तुमी शिकल्याल्या, खरं दावनाऱ्या. तुमी सांगा, हे कुटलं रान?"

आक्काने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी खोटा डोंगर नाकारला होता, आता तोंडाने खोटं गाव सांगायचं मला जमेना. आणि खरं सांगणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "ते मी सांगणार नाही."

मागच्या रांगेतून एक हसला आणि मग सगळी रांग हसू लागली. दीरही हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. "बरं, बरं," तो म्हणाला आणि खाली बसला. मला वाटलं, निभावलं.

बाहेर आल्यावर आक्काने मला घोडीच्या आडोशाला ओढलं. तिला इतकं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. "काय गं तू! 'सांगणार न्हाई' म्हंत्यात व्हय कुनी?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"कुटलं बी गाव सांगायचं! जत सांग, माण सांग, फलटण सांग. कारभाऱ्यानं इच्यारलं तर उलटी दिशा सांगायची. त्येला बी ठावं आसतंय उलटी हाय. त्यो 'बरं' म्हंतोय आन् गप बसतोय. मंग त्यो तिकडंबी जात न्हाई आन् तुज्या मागं बी येत न्हाई. आशी रीत हाय."

"आणि 'सांगणार नाही' म्हटलं तर?"

"तर त्योंडावर दार आपटलं म्हंजी. आन् दार कवा आपटत्यात? आत कायतरी आसलं की."

मी तिला आणखी विचारत राहिले. राग आला असला तरी ती उत्तरं देत होती, कारण माझं अज्ञान तिला गमतीचं वाटू लागलं होतं. उलटी दिशा कोणी कोणाला सांगायची? एका कारभाऱ्याने दुसऱ्याला. बायकांना कोणी विचारतं का? न्हाई. तिला आजवर कोणी विचारलं होतं? न्हाई. आजही कोणी तिला विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. तिचा दीर आता काय करेल?

"मागं यील," ती म्हणाली आणि घोडीच्या मानेवर चिकटलेला गोचीड ओढून काढला. "आता मी निगली की मागं यील त्यो."

दिवाळी झाली. माझं एका दवाखान्याचं काम चालू होतं. फिल्म कुठे कुठे पाठवली होती, एकीकडून कळवलं गेलं की विषय चांगला आहे पण हे कुठे घडतं ते समजत नाही. मी आभार मानले. मग एका सकाळी कॅमेरामनचा रहिमतपुराहून फोन आला.

"मॅडम, तुमची हिरॉईन आमच्या गावाबाहेर बसलीय."

"रहिमतपुरात? तिथे काय करतेय?"

"तेच तर. आणि रस्त्याच्या पलीकडं अजून एक कळप बसलाय. मोठा."

मी गाडी काढली. पलूस दक्षिणेला, आणि आक्का वाट सोडून पार इकडे पश्चिमेला आली होती. इथे तिच्या मेंढरांना खायला काय होतं? काढून झालेल्या सोयाबीनचा पाला आणि बांधावरचं सुकं गवत, बस. मी पोचले तेव्हा ती पालापुढे दगडावर बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. रस्त्यापलीकडे दिराचा कळप पसरला होता. त्याची मेंढरं सारखी ओरडत होती. भुकेल्या कळपाचा आवाज वेगळा असतो, हे तिच्याबरोबर हिंडून मलाही समजू लागलं होतं. तिच्याही कळपातली मधूनमधून ओरडत होती.

"किती दिवस इथे?" मी विचारलं.

"त्यो जातोय तवर."

"आणि तो नाही गेला तर?"

तिने काटा काढून चिमटीत धरला, पाहिला आणि टाकून दिला. "माजी पोटं थोडी. त्येची लय. मी वाईच जास्त तग धरीन. पर मेंढरं उपाशी माघारी न्हेली तर त्यो जिकला, हे बी हाय."

म्हातारी पालातून म्हणाली, "त्येला मी लानपनी बगितलंय. भूक काडवत न्हाई त्येला."

आम्ही बोलत असतानाच दीर रस्ता ओलांडून आला. एकटाच. फेटा काढून गुडघ्यावर ठेवला आणि आईच्या शेजारी बसला. आक्काने त्याला चहा दिला. तेवढ्यात आलेला कॅमेरामन आपल्या गाडीतून कॅमेरा काढू लागला, त्याला मी हाताने थांबवलं. त्या माणसाने मोजून मापून बोलावं असं मला नको होतं.

"वैनी, हितं काय हाय वो खायाला?"

"मला ब्येस वाटतंय."

"कोकरं मरायला टेकली माजी."

"मंग हलवा की भावजी. कुनी बांधलंय का तुमास्नी?"

तो चहा पीत राहिला. म्हातारीने त्याच्याकडे भाकरीचा तुकडा सरकवला. त्याने तो चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाला, "आये, कालवण न्हाई व्हय?" म्हातारीने कालवण वाढलं. ते संपवून त्याने हात धुतला, फेटा बांधला, उभा राहिला.

"आमी उद्या फलटणच्या अंगाला निगालो," तो म्हणाला. मग जरा थांबून, रस्त्याकडे बघत, "तुमी कुनीकडं?"

आक्का उठून उभी राहिली. पदर खोचला. काठी उचलली आणि तिने पश्चिमेला केली, जिथून मी आत्ताच आले होते.

"साताऱ्याकडं. डोंगराच्या पायथ्यानं जाईन म्हंती."

दिराने काठीच्या टोकाकडे नीट पाहिलं. थंडीत तिकडे मेंढरं नेणारा माणूस शोधून सापडणार नाही, हे तिथल्या कुत्र्यालासुद्धा माहीत असावं.

"बरं," तो म्हणाला. "तिकडं बिबट्याचं बगा."

"कुत्रं हाय की."

"व्हय. कुत्रं हाय."

तो गेला. सकाळी कॅमेरामनने कळवलं की मोठा कळप फलटणच्या रस्त्याला लागला, मागे कोणालाही ठेवलेलं नाही. मी आक्काला फोन लावला. त्याला कळलं नसेल का, असं विचारलं.

"खुळा हाय व्हय त्यो?"

"मग मागे का नाही आला?"

"आता कसा यील? इच्यारलं त्येनं, मी सांगितलं. आता माज्या मागं आला तर भावकीत त्योच उगडा पडंल." मागे घोडीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, म्हणजे ती चालत होती. कुठल्या दिशेला, ते मी विचारलं नाही.

पौषात पलूसला माझं दुसरंच काम निघालं. परत येताना मी उसाच्या मधली वाट धरली. चाचांच्या रानात संध्याकाळची मेंढरं आत घ्यायची घाई चालली होती. तिच्याआधी तिथे कोणी आलेलं नव्हतं. आक्काने मला पाहिलं, नमस्कार-चमत्कार काही नाही, जाळ्याच्या कुंपणाची एक खुंटी माझ्या हातात दिली.

"नीट धर," ती म्हणाली. "मागच्या खेपंला तुज्या मानसानं ढिली धरल्याली."